मागे कोण राहिलं?

घर सोडून निघालेल्यांच्या गोष्टी आपल्याला पाठ असतात. वऱ्हाडातल्या पुस्तकांत आणि पडद्यावर मात्र मागे राहिलेलेही भेटतात. या वीकएंडला त्यांची गाठ घ्याच!

अमरावती-अकोल्याचं पुण्या-मुंबईशी नातं काय, असं कोणी विचारलं तर उत्तर सोपं आहे: रात्रभराचं! संध्याकाळी अमरावती एक्स्प्रेसमध्ये बसा, सकाळी मुंबई. अकोल्यात जेवण आटोपून ट्रॅव्हल्सच्या स्लीपरमध्ये आडवे व्हा, डोळे उघडतात तेव्हा खिडकीबाहेर वाघोलीचं ट्रॅफिक. आपल्यातले कितीतरी जण असेच आले. डिग्री तिकडची, नोकरी हिंजवडी नाहीतर पवईची. आई-बाबा राजापेठेत किंवा जठारपेठेत. आणि रविवारी व्हिडिओ कॉलवर ठरलेला प्रश्न, 'जेवला काय बे?' त्यावर आपलं ठरलेलं उत्तर, 'हाव.'

निघायचं, हे बारावीच्या आसपासच ठरून गेलेलं असतं. शिवाय निघणाऱ्याची बाजू घेणाऱ्या गोष्टीही आपल्याला चिक्कार मिळाल्या आहेत. सिनेमात हीरो बॅग भरतो, आई हातावर दही-साखर ठेवते, गाडी सुटते आणि कॅमेरा हीरोसोबत डब्यात चढतो. प्लॅटफॉर्मवर उभे असलेले दोघं नंतर घरी कसे गेले, त्या रात्री जेवले का, हे काही दिग्दर्शक दाखवत नाही. आपणही विचारत नाही.

वऱ्हाडाशी नातं असलेल्या काही गोष्टी मात्र हे विचारतात. काही सरळ विचारतात, काहींत आपल्याला ते शोधावं लागतं. तीन पुस्तकं, दोन सिनेमे आणि एक मालिका अशी ही आमची निवड. सगळ्यांत घर आहे, 'मी कोण?' हा प्रश्न आहे आणि कुणीतरी घेतलेला एक पक्का निर्णय आहे. फक्त बघताना-वाचताना आपली जागा थोडी बदलायची. गाडीत चढणाऱ्याकडे पाहून झालं की एकदा प्लॅटफॉर्मकडेही बघायचं.

डेबूजी निघाले, त्या रात्री

ज्यांच्या फाइलमध्ये संत गाडगेबाबा अमरावती विद्यापीठाची मार्कशीट आहे, त्यांना बाबांची ओळख करून देणं म्हणजे अमरावतीकराला अंबादेवीचा पत्ता सांगणं. तरी थोडी उजळणी करू. डेबूजी झिंगराजी जानोरकर, जन्म २३ फेब्रुवारी १८७६, अमरावती जिल्ह्यातल्या शेंडगावचा. वडील दारूपायी लवकर गेले. आई सखुबाई लेकराला घेऊन माहेरी दापुऱ्याला आली, मूर्तिजापूर तालुक्यात. म्हणजे जन्म अमरावती जिल्ह्यातला आणि वाढ अकोल्याकडची. बाबांवर दोन्ही जिल्ह्यांचा हक्क सारखाच!

तरुण डेबूजीने मुलीच्या बारशाला दारू-मटणाची पंगत द्यायला साफ नकार दिला आणि गोडाचं जेवण घातलं. भाऊबंदांना ते रुचलं नाही. आज ऐकायला ही साधी गोष्ट वाटते. पण आपल्याच लग्नात 'डीजे नको' म्हणून बघा, मग कळेल घरच्यांसमोर 'नाही' म्हणायला काय लागतं ते! पुढे १९०५ मध्ये डेबूजी घरातून निघाले. अंगावर चिंध्या, हातात खराटा आणि डोक्यावर गाडगं. लोकांनी त्या गाडग्यावरूनच नाव ठेवलं आणि जन्माचं नाव मागे पडलं.

याच आयुष्यावरचा 'देवकीनंदन गोपाला' हा सिनेमा १९७७ मध्ये आला. दिग्दर्शक राजदत्त, मूळचे धामणगावचे, २०२४ मध्ये पद्मभूषण मिळालेले. बाबांच्या भूमिकेत डॉ. श्रीराम लागू. गंमत बघा, देवाला आता रिटायर करा असं जाहीरपणे सांगणारा नट एका संताची भूमिका करतो आणि ती कुठेही खोटी वाटत नाही. कारण बाबा तरी कीर्तनात काय करत होते? समोरच्यांना प्रश्नच विचारत होते! देव कुठे राहतो, कोंबडं-बकरं कशाला कापता, पोरांना शाळेत का घालत नाही? दोन टोकांची माणसं, पण आपल्याला पटलं ते तोंडावर बोलायची सवय दोघांचीही.

आता प्लॅटफॉर्मकडे वळू. डेबूजी निघाले तेव्हा घरात आई होती, बायको कुंताबाई होती, लहान लेकरं होती. पुढे एकुलता एक मुलगा गोविंदा गेला. ती बातमी आली तेव्हा बाबांचं कोकणात खारेपाटणला कीर्तन सुरू होतं आणि त्यांनी ते थांबवलं नाही. हा प्रसंग आपण शाळेपासून बाबांच्या वैराग्याचं उदाहरण म्हणून ऐकतो, आणि ते आहेच. पण त्याच वेळी कुंताबाईही आई होती. तिच्यासमोर हजारोंचा समुदाय नव्हता. दुःख बाजूला ठेवायला तिच्याकडे कीर्तन नव्हतं.

बाबांचं मोठेपण यामुळे तसूभरही कमी होत नाही. विद्यापीठाला त्यांचं नाव आहे, ग्रामस्वच्छता अभियानाला आहे, अमरावतीत आख्खं गाडगेनगर आहे. प्रश्न एवढाच की कुंताबाई आणि सखुबाई ही नावं आपल्यापैकी किती जणांना पटकन आठवली असती? बाबांनी घर सोडलं तेव्हा ते घर कुणीतरी चालवलं, म्हणून ते निश्चिंतपणे गावोगाव फिरू शकले. त्या कामाचा पुतळा होत नाही.

तेराव्या वर्षी पळालेला पोरगा

दुसरी गोष्टही घर सोडण्याचीच. परतवाड्याला ८ जुलै १९१६ रोजी जन्मलेला एक मुलगा वयाच्या तेराव्या वर्षी स्वातंत्र्याच्या चळवळीसाठी घरातून बाहेर पडला. शाळा सातवीतच सुटली. पुढे तो गाडगे महाराजांच्या सहवासात आला, गावोगाव हिंडला, नर्मदेची परिक्रमा केली. हा मुलगा म्हणजे गो. नी. दांडेकर, तुमचे-आमचे गोनीदा. 'जैत रे जैत', 'माचीवरला बुधा', 'पडघवली'वाले. महाराजांचं चरित्रही त्यांनी लिहिलं.

या सगळ्या भटकंतीची कहाणी 'स्मरणगाथा'त आहे. त्याला १९७६ चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. बॅकपॅक घेऊन सोलो ट्रिपला निघणाऱ्यांनी हे पुस्तक जरूर वाचावं. हातात पैसा नाही, पुढच्या मुक्कामाचा पत्ता नाही, आणि तरी पाय थांबत नाहीत. वाचताना हेवा वाटतो, हे खरं. पण मधेच पुस्तक मिटून तेरा वर्षांच्या आपल्या भाच्याकडे किंवा पुतण्याकडे बघा. उद्या सकाळी तो अंथरुणात नसला तर घरात काय होईल? लगेच गोष्टीची दुसरी बाजू डोळ्यांसमोर येते.

गोनीदांच्या बाबतीत पुढचा भाग मात्र फार सुंदर आहे. घरातून पळालेल्या या माणसाचं पुढे जे घर झालं, ते त्यांच्या कादंबऱ्यांभोवती एकत्र बसलं. त्यांच्या कन्या डॉ. वीणा देव, जावई डॉ. विजय देव आणि पुढची पिढी यांनी या कादंबऱ्यांच्या अभिवाचनाचे कार्यक्रम वर्षानुवर्षं केले. नात मृणाल म्हणजे आपली 'अवंतिका' आणि 'सोनपरी'. सेट नाही, मेकअप नाही, घरातली माणसं रांगेत बसून घरातल्याच माणसाचं पुस्तक मोठ्याने वाचतायत. एकाने घर सोडलं, त्याचीच गोष्ट वाचत घरातले एकत्र राहिले. वीणाताई २०२४ मध्ये गेल्या, पण कुटुंबाने मिळून पुस्तक वाचायचं असतं हे त्यांनी दाखवून दिलं.

कौतिक कुठेच जात नाही

आता थेट प्लॅटफॉर्मवरच्या बाईला भेटू. अमरावती जिल्ह्यातले उद्धव ज. शेळके यांची 'धग' १९६० मध्ये आली. (त्याच नावाचा, उषा जाधवला राष्ट्रीय पुरस्कार मिळवून देणारा मराठी सिनेमा वेगळा, त्याची गोष्ट स्मशानात काम करणाऱ्या कुटुंबाची आहे. गल्लत करू नका.) 'धग'ची नायिका कौतिक. नवरा महादेव शिंपीकाम करणारा, पण कामात जीव नसलेला. पोरं लहान, घरात कायमची ओढाताण. त्यात महादेवला महारोग होतो.

त्या काळी या रोगाचं नाव घेतलं तरी लोक दोन पावलं मागे सरकायचे. अमरावतीत डॉ. शिवाजीराव पटवर्धनांनी तपोवन उभं केलं, त्यामागे हीच परिस्थिती होती. घराने बाहेर काढलेल्यांना राहायला जागा आणि हाताला काम हवं होतं. कौतिक मात्र नवऱ्याला टाकत नाही. ती दुसऱ्याच्या शेतात राबते, हिशेब मांडते, भांडते, पोराला शिकवायचं म्हणून हट्ट धरते. मुलगा नामा शिकला तर घर वर येईल, हा तिचा एकमेव हिशेब. ती कीर्तन करत नाही, भाषण देत नाही. तत्त्व वगैरे शब्द तिच्या तोंडी यायचा प्रश्नच नाही. पण तिच्याइतकी ठाम बाई मराठी कादंबरीत शोधून सापडायची नाही.

आपल्याला प्रश्न पडतो की ही निघून का जात नाही? आजच्या भाषेत, 'टॉक्सिक' आहे हे सगळं, सोड ना! शेळके कौतिकला सती-सावित्री करत नाहीत. ती चिडते, तोंड सोडते, तिलाही खूप काही नको असतं. फक्त ती एकदा ठरवते आणि त्याची किंमत रोज थोडी थोडी भरत राहते. ती किंमत शेवटी किती होते, हे इथे सांगणार नाही. पुस्तक घ्या आणि वाचा. दोन रात्री लागतील. तिसरी रात्र झोप लागायला जाईल.

अजून एक. 'धग'मधली माणसं वऱ्हाडीत बोलतात आणि त्यांच्या बोलण्यावर कोणी हसत नाही. हा मुद्दा लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

दोन अलका

नंतर काळ बदलला, कापसाचं गणित बिघडलं. शेतकऱ्यांच्या आत्महत्यांच्या बातम्या इतक्या वाढल्या की २००६ मध्ये पंतप्रधान मनमोहन सिंग विदर्भात आले आणि अमरावती, अकोला, यवतमाळ, बुलडाणा, वाशीम, वर्धा या सहा जिल्ह्यांसाठी ३,७५० कोटी रुपयांचं पॅकेज जाहीर झालं. पेपरात आकडे यायचे. घरात काय चाललं होतं, ते एका कादंबरीने आणि एका सिनेमाने सांगितलं.

कादंबरी सदानंद देशमुखांची 'बारोमास', २००२ ची. तिला २००४ चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. बुलडाण्याकडचा एकनाथ भरपूर शिकलेला. पण मास्तरकी मिळवायला संस्थेत पैसे मोजावे लागतात, आणि ते नाहीत. म्हणून हातात डिग्री आणि पायाखाली ढेकळं. त्याची बायको अलका. नवरा नोकरीवाला होईल या भरवशावर ती या घरात आलेली. नोकरी काही येत नाही, घरातली भांडणं मात्र वाढतात आणि अलका माहेरी निघून जाते. या कादंबरीवर धीरज मेश्राम यांनी हिंदी सिनेमाही केला.

सिनेमा सतीश मनवर यांचा 'गाभ्रीचा पाऊस', २००९ चा. नावातच अस्सल आपल्याकडची शिवी, तीही पावसाला! गावातला एक शेतकरी आत्महत्या करतो आणि किसनाच्या बायकोच्या मनात भीती बसते, आपला माणूसही असं काही करणार नाही ना? या बायकोचंही नाव अलकाच. गिरीश कुलकर्णी किसना, सोनाली कुलकर्णी अलका, ज्योती सुभाष सासू. अलका नवऱ्यावर पहारा लावते. पोराला सांगते, बापाच्या मागे-मागे फीर, त्याला एकटं सोडू नको. गोडधोड करते, त्याच्या मनाला लागेल असं काही बोलत नाही. किसनाला कळेनासं होतं की अचानक एवढे लाड कशाला! बघताना आपण हसतो आणि दुसऱ्या क्षणी हसू जागच्या जागी विरतं.

एक अलका जाते, एक राहते. लगेच पहिलीला व्हिलन आणि दुसरीला देवी करायचा मोह होतो. तो टाळा. 'बारोमास'मधली अलका स्वार्थी नाही. तिला फसवणूक झाल्यासारखं वाटतं आणि ते खोटंही नाही. कौतिकला माहेरी जाऊन नवं काही उभं करायची सोय नव्हती. या अलकाला निदान दार उघडून बाहेर पडता आलं. आणि 'गाभ्रीचा पाऊस'मधली अलका राहते ती नवरा देव आहे म्हणून नाही. तिचं त्याच्यावर प्रेम आहे आणि तिला त्याच्या जिवाची भीती वाटते, एवढंच. दोघींनी आपापलं ठरवलंय. कुणी गेलं म्हणून नातं खोटं ठरत नाही आणि कुणी राहिलं म्हणून ते आपोआप पवित्र होत नाही.

राधिका 'काहून' म्हणाली तेव्हा

आता जरा हलकं घेऊ, मालिकेकडे वळू. झी मराठीवर २०१६ ते २०२१ 'माझ्या नवऱ्याची बायको' चालली. घरी कोणीच बघत नव्हतं म्हणे, आणि सगळ्यांना सगळं पाठ! राधिका (अनिता दाते) नागपूरकडची, लग्न करून मुंबईत आलेली. नवरा गुरुनाथ कंपनीत मोठ्या पदावर, आणि बाहेर शनाया. साध्या राहणीची, मोकळं बोलणारी बायको त्याला ऑफिसच्या पार्टीत न्यायला लाजिरवाणी वाटते. पुढे राधिका मसाल्यांचा धंदा उभा करते आणि स्वतःच्या पायावर उभी राहते.

नागपुरी आणि वऱ्हाडी एक नव्हे, पण सख्ख्या मावसबहिणी नक्कीच. त्यामुळे राधिका बोलली की अमरावती-अकोल्यातल्या घरांतही कान टवकारायचे. खरं सांगा, ऑफिसात पहिल्या महिन्यात तुम्ही 'काहून' गिळून 'का' म्हणायला शिकलात ना? 'माह्या'चं 'माझ्या', 'कोठी'चं 'कुठे'? घरचा फोन आला की बोलत बोलत पँट्रीच्या पुढे जाता ना? टीव्हीने आपल्या बोलीला जागा दिली ती बहुतेक वेळा विनोदात. 'चला हवा येऊ द्या'त अमरावतीच्या भारत गणेशपुरेंनी ती घराघरांत नेली आणि अभिमानाने नेली, हेही खरं. पण लोकांना एक सवय लागली: वऱ्हाडी ऐकली की हसायचं. (बाकी 'वऱ्हाड निघालंय लंडनला'चा आपल्या वऱ्हाडाशी काही संबंध नाही. तिथलं वऱ्हाड लग्नाचं आणि बोली मराठवाड्याची. ऑफिसात कोणी विचारलंच तर सांगायला बरं.)

राधिकाचं वेगळेपण हेच की तीही घर सोडून आलेली, पण बोली तिने मागे ठेवली नाही. नवरा गेला, संसार मोडला, तिने धंदा केला, माणसं जोडली, सगळं त्याच भाषेत. मालिका लांबली, ताणली, प्रेक्षकांनी डोक्यावर हातही मारून घेतला. तरी प्राइम टाइमला नायिका आपल्या अंगणातल्या भाषेत रडते, चिडते आणि निर्णय घेते, हे बऱ्याच वर्षांनी दिसलं. 'धग'मध्ये कौतिकच्या बोलीवर कोणी हसत नाही म्हटलं होतं, ते यासाठीच.

मग आपण काय करायचं?

नाही, राजीनामा देऊन परत जा, असं कोणी म्हणत नाहीये. निघणं चूक नाही. डेबूजी निघाले नसते तर महाराष्ट्राला गाडगेबाबा मिळाले नसते. गोनीदा घरी राहिले असते तर 'स्मरणगाथा' कुठून येणार होती? आपल्या नोकऱ्याही अनेक घरांची कर्जं फेडतायत, बहिणींची शिक्षणं करतायत.

पण या सहा गोष्टी एकापाठोपाठ एक वाचल्या-पाहिल्या की एक गोष्ट पक्की ध्यानात येते. ठामपणा ही फक्त निघणाऱ्याची मालमत्ता नाही. निघणाऱ्याच्या प्रत्येक निर्णयातला अर्धा वाटा मागे राहिलेला माणूस उचलतो, आणि बहुतेकदा त्याला कोणी विचारलेलंही नसतं. 'आमचं काय, आमी मस्त आहो, तू तुही नोकरी पाय,' हे फोनवरचं वाक्य आपण सहज ऐकून सोडून देतो. गुडघा दुखत असताना, लाइट गेलेली असताना, बाबांची बीपीची गोळी संपलेली असताना हे वाक्य म्हणायला किती जोर लावावा लागत असेल, याचा हिशेब कौतिक वाचल्यावर आपोआप मांडला जातो.

तेव्हा या दिवाळीला घरी जाल तर मिक्सर नाहीतर मोबाइल न्याच, सोबत 'धग'ची एक प्रतही न्या. दुपारी जेवणं झाल्यावर आईजवळ बसून मोठ्याने वाचायला लागा. सिरियलचा टाइम असेल तर आधी ती बघू द्या, उगाच वाद नको. तुमचे वऱ्हाडी उच्चार आता पुणेरी झालेत, ते ती दर दोन ओळींमागे दुरुस्त करेल. करू द्या. आणि वाचता वाचता ती मधेच म्हणालीच, 'आमच्या गल्लीत असीच एक बाई होती,' तर पुस्तक खाली ठेवा आणि फोनही सायलेंटवर टाका. ती बाई कोण होती, ते नीट ऐकून घ्या.